मॅकबुकची वाढीव मेमरी: आठ जीबीला वीस हजार, आणि अ‍ॅपलचं पुढे काय? (डिसेंबर २०२५ मधला धागा)

ध्वनिवेडा (धागाकर्ता)

मॅकबुक घ्यायला निघालं की जाहिरातीतली किंमत एक असते आणि आपल्याला लागणाऱ्या यंत्राची दुसरीच. एम४ (कंपनीची स्वतःची प्रोसेसर चिप, एम मालिकेतली) असलेला मॅकबुक एअर सध्या, डिसेंबर २०२५ मध्ये, ९९,९०० ला आहे. त्यात १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी जागा. जागा ५१२ केली की १,१९,९००. मग मेमरी २४ केली की १,३९,९००. दोन पायऱ्यांत चाळीस हजार गेले. सीपीयू तोच, पडदा तोच, बॅटरी तीच, ग्राफिक्सचे दोन कोअर तेवढे वाढले. ऑक्टोबरमध्ये एम५ चा चौदा इंची प्रो आला, त्याचंही हेच. १,६९,९०० पासून सुरुवात आणि तिथून पुढे पायरीला वीस हजार.

माझं काम थोडक्यात सांगतो, म्हणजे प्रश्न कुठून आला ते कळेल. कोथरूडला छोटा स्टुडिओ आहे. श्राव्य पुस्तकं आणि पॉडकास्ट यावर तो चालतो. त्याच्या जोडीला गावोगाव जाऊन कीर्तनकार, गोंधळी, भारूड करणारी मंडळी यांचं ध्वनिमुद्रण करतो. आता या सगळ्याचं लेखी रूप करायचं आहे. त्यासाठी व्हिस्परसारखं (बोलणं ऐकून मजकूर लिहून देणारं) एआय मॉडेल माझ्याच यंत्रावर चालवायचं आहे. ज्यांनी विश्वासाने घरात बसून गायलं, त्यांचा आवाज परक्या सर्व्हरवर चढवायला माझं मन घेत नाही. आणि मॉडेल घरी चालवायचं म्हटलं की मेमरी लागतेच.

माझ्याकडे २०१२ चा तेरा इंची मॅकबुक प्रो अजून चालू स्थितीत आहे. खालचे दहा स्क्रू काढले की पूर्ण तळ निघतो. आत मेमरीच्या दोन पट्ट्या एकावर एक, बाजूच्या क्लिपा दाबल्या की तिरक्या होऊन वर येतात. ४ जीबीचा मी १६ केला, फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली, डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी दुसरी डिस्क. तीही याच कंपनीची वस्तू होती आणि ती २०१६ पर्यंत विकली जात होती. म्हणजे यंत्र उघडता येईल असं बनवणं या लोकांना उत्तम जमत होतं.

माझं मत आधीच मांडतो. एम मालिकेचे लॅपटॉप आज बाजारात सगळ्यात चांगले आहेत असंच मी मानतो. म्हणूनच हे दर मला खुपतात. मेमरी बोर्डाला जखडायची, ग्राहकाला दुसरी वाट ठेवायची नाही, आणि मग आपल्या मनाचा भाव लावायचा, हे चांगल्या कंपनीला शोभत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या काळात हेच धोरण त्यांना मागे ओढेल असं मला वाटतं. जाणकारांनी लिहावं.

अर्धवाहक

चांगला विषय. मी चिप डिझाइनमध्ये काम करतो (अ‍ॅपलमध्ये नाही), तेव्हा तांत्रिक बाजू मांडतो.

एम मालिकेत मेमरी मदरबोर्डवर दूर कुठे तरी नसते. ती प्रोसेसरच्या पॅकेजवरच, चिपला खेटून बसवलेली असते. सीपीयू आणि ग्राफिक्स दोघंही तीच मेमरी वापरतात, म्हणून एका भागातून दुसऱ्या भागात डेटाची नक्कल करावी लागत नाही. तारा छोट्या असल्या की सिग्नल स्वच्छ राहतो, वीज कमी लागते आणि रुंद मार्ग ठेवता येतो. एम१ ला सेकंदाला ६८ जीबी मिळत होते, एम४ ला १२०, एम५ ला १५३, आणि एम४ मॅक्सला ५४६. तुलनेसाठी, साध्या लॅपटॉपमधल्या डीडीआर५-५६०० या प्रकारच्या मेमरीच्या दोन पट्ट्या मिळून ८९.६ देतात. घरी भाषेची मॉडेलं चालवताना वेग मुख्यतः या आकड्यावर ठरतो. एकेक शब्द तयार करताना मॉडेलचं जवळजवळ सगळं वजन मेमरीतून एकदा वाचावं लागतं.

तेव्हा "जखडणं म्हणजे निव्वळ लूट" हे मला मान्य नाही. त्यात खरं अभियांत्रिकी कारण आहे.

ग्रँटरोडवाला

अर्धवाहक सर, मेमरीचं मान्य. मग एसएसडीचं काय? तिथे कुठला सिग्नल बिघडतो?

माझं लॅमिंग्टन रोडला चिपलेव्हल दुरुस्तीचं काम आहे. रोज बोर्ड हातात असतात. अ‍ॅपलच्या आताच्या यंत्रांत एसएसडीचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच आहे. बाहेर राहतात ते नुसते नँड चिप, म्हणजे प्रत्यक्ष डेटा साठवणाऱ्या चिप. मॅक मिनी एम४ मध्ये हेच नँड एका छोट्या कार्डावर, सॉकेटमध्ये बसवलेत. कार्ड काढा, मोठं कार्ड लावा, दुसऱ्या मॅकवरून कंपनीच्याच कॉन्फिगरेटर या अ‍ॅपने रिस्टोअर करा, झालं काम. मॅक स्टुडिओतही कार्डच. म्हणजे त्याच चिप, तोच कंट्रोलर, आणि टेबलावरच्या यंत्रात सॉकेट चालतो. लॅपटॉपमध्ये मात्र थेट बोर्डाला सोल्डर. आमच्यासारख्याला हॉट एअर लावून, जुनी चिप उतरवून, पॅड साफ करून नवी चढवता येते. पण हे घरी करायचं काम नाही, आणि तापमान जरा चुकलं तर बोर्ड जातो.

आणखी एक गोष्ट लोक विचारात घेत नाहीत. डेटा प्रोसेसरच्या किल्लीने कुलूपबंद असतो. सुरक्षेला उत्तमच आहे. पण बोर्ड मेला तर चिप शाबूत असूनही डेटा गेला. मागे एक मुलगी आली होती, प्रबंध होता तिचा. चहा सांडून बोर्ड गेला होता. पॉवर लाइन शोधून, कपॅसिटर बदलून तेवढ्यापुरता बोर्ड जिवंत केला आणि प्रबंध बाहेर काढला. जिवंत झाला नसता तर मी काहीच करू शकलो नसतो. तेव्हा २५६ घ्या नाहीतर दोन टीबी, बाहेरच्या डिस्कवर बॅकअप ठेवा. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हात जोडून सांगतो.

राईनकाठ

अर्धवाहक, तुमच्या आकड्यांत एक भर घालते. एलपीकॅम२ नावाचा मेमरीचा नवा प्रकार आलाय. सपाट पट्टी असते, स्क्रूने दाबून बसवायची. लेनोवोने २०२४ च्या थिंकपॅड पी१ मध्ये ती दिली. ७५०० च्या वेगाने ती सेकंदाला १२० जीबी देते, म्हणजे नेमका एम४ चा आकडा. वीजही जुन्या पट्ट्यांपेक्षा कमी खाते. एअरच्या वर्गातल्या लॅपटॉपला बदलता येणारी मेमरी देणं आता अशक्य राहिलेलं नाही. नको असेल तर नको म्हणा, अशक्य म्हणू नका.

मी जर्मनीत फ्रेमवर्कचा (सुटे भाग बदलता येतील असे लॅपटॉप बनवणारी कंपनी) तेरा इंची वापरते. आधी बाराव्या पिढीचा इंटेल होता, मग फक्त मुख्य बोर्ड बदलून एएमडी केला. कवच, पडदा, कळफलक सगळं तेच. जुना बोर्ड वेगळ्या पेटीत घालून घरचा सर्व्हर केलाय. २०२१ मध्ये या कंपनीचा पहिला लॅपटॉप आला, त्या कवचात २०२५ चा बोर्ड बसतो. हे बघितल्यावर 'पातळ करायचं म्हणून जखडलं' हे नेहमी सांगितलं जाणारं कारण ऐकवत नाही.

अर्धवाहक

राईनकाठ, बरोबर आहे, एम४ च्या रुंदीपर्यंत पट्टी पुरते. त्यापुढे मात्र अडतं. तुमच्याच फ्रेमवर्कचं उदाहरण घ्या. त्यांनी २०२५ मध्ये एएमडीच्या रायझन एआय मॅक्स प्रोसेसरचा डेस्कटॉप आणला, त्यात २५६ बिटचा मार्ग आहे. एएमडीसोबत बसून बदलता येणारी मेमरी जमते का ते त्यांनी पाहिलं. सिग्नल टिकेना, म्हणून सोल्डर केली. दुरुस्तीवर ज्यांचं अख्खं दुकान उभं आहे त्यांनाही ते करावं लागलं. पण त्यांनी वाढीव मेमरीचा भाव मात्र अ‍ॅपलच्या मानाने बराच खाली ठेवला. म्हणून माझं म्हणणं असं की जखडण्यावर भांडू नका, भावावर भांडा.

जुनाजाणता

माझा एम१ एअर, ८ जीबी. नोव्हेंबर २०२० ला जाहीर झालेलं मॉडेल. ब्राउझर, एक्सेल, मराठी टंकन, व्हिडिओ कॉल, सगळं नीट. पंखा नाही त्यामुळे आवाज नाही. बॅटरी दिवसभर. सगळ्यांना २४ जीबी लागते हा समज आधी काढून टाकायला हवा. नव्वद टक्के लोकांना पहिली पायरी पुरते.

ध्वनिवेडा (धागाकर्ता)

जुनाजाणता, तुमच्या कामाला पुरते यात वाद नाही, आणि एम१ हे गेल्या दशकातलं लॅपटॉपमधलं सगळ्यात मोठं पाऊल होतं असं मीही म्हणेन. पण आठ जीबीची गोष्ट आठवा. २०२३ पर्यंत कंपनीचे अधिकारी सांगत होते की आमच्या आठ जीबीची बरोबरी इतरांच्या सोळाशी होते. ३० ऑक्टोबर २०२४ ला सगळे मॅकबुक १६ पासून सुरू झाले. एम२ एअर आदल्या दिवशी ९९,९०० ला ८ जीबीचा होता, दुसऱ्या दिवशी ९९,९०० लाच १६ चा. ज्या आठ जीबीला आदल्या दिवशी वीस हजार जास्त पडत होते, ते दुसऱ्या दिवशी फुकट. याचा अर्थ त्या वीस हजारांचा मालाच्या किमतीशी संबंध नव्हता. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

एम२ एअरच्या २५६ मध्ये दोनऐवजी एकच नँड चिप घातली होती, त्यामुळे वाचण्याचा वेग एम१ च्या निम्म्यावर आला होता. एम३ मध्ये परत दोन केल्या. स्वस्त पायरीवरच्या माणसाला कमी देऊन वरच्या पायरीकडे ढकलायचं, असं ते होतं. ते मला आजही पटत नाही.

ताळेबंद

भावनेत जाण्याआधी हिशोब बघू.

एक, 'भारतात जास्त लुटतात' असं नेहमी म्हटलं जातं, ते यंदा खरं नाही. अमेरिकेतल्या ९९९ डॉलरमध्ये विक्रीकर नसतो, आपल्या ९९,९०० मध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. तो काढला की ८४,६६१ उरतात. डॉलर गेल्या आठवड्यात नव्वदच्या पलीकडे गेला. त्या दराने हे साधारण ९४० डॉलर होतात. म्हणजे साधा एअर इथे अमेरिकेपेक्षा स्वस्त. वीस हजारांची पायरी तशीच काढली तर १८८ डॉलर, तिकडे २००. एम५ प्रो तर जवळजवळ तंतोतंत १,६०० डॉलर, तिकडची किंमत १,५९९. तेव्हा दर महाग असेल तर तो जगभर महाग आहे, आपल्यासाठी वेगळा नाही.

दोन, हे दर का टिकतात. सप्टेंबर २०२५ ला संपलेल्या वर्षात अ‍ॅपलची विक्री ४१६ अब्ज डॉलर. त्यात आयफोन २०९ च्या वर, सेवा १०९, आणि मॅक ३३.७. मॅकचा वाटा आठ टक्के. वस्तूंवरचा ढोबळ नफा ३७ टक्क्यांच्या आसपास, सेवांवरचा ७५ च्या आसपास. साधा एअर कमी नफ्यात विकायचा आणि वाढीव मेमरी-जागेवर तो भरून काढायचा, हे गणित आहे. पहिल्या पायरीचा ग्राहक स्वस्तात उत्तम यंत्र घेतो आणि त्याचे पैसे ध्वनिवेडांसारखा कामाचा माणूस भरतो. सगळीकडे सारखाच दर लावला तर ९९,९०० चा एअर कदाचित १,१०,००० होईल. तेही लक्षात घ्या.

नाशिकची_आई

मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, संगणक शाखा. तिला मॅकच हवाय. घरात ऐंशी-नव्वद हजारांपर्यंतच जमेल. वरचं वाचून घाबरले. २५६ जीबी तिला पुरेल का? की मित्रमंडळींसारखा विंडोजचा घ्यावा? कृपया सोप्या शब्दांत सांगा.

ग्रँटरोडवाला

ताई, घाबरायचं कारण नाही. विद्यार्थ्यांच्या सवलतीत एम४ एअर ८९,९०० ला मिळतो, कॉलेजचं ओळखपत्र न्या. पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबरपासून कंपनीचं स्वतःचं दुकान आहे, मुंबईत बीकेसीला आहेच, पण ऑनलाइनही तोच दर. १६ जीबी तिला डिग्री संपेपर्यंत आरामात जाईल. जागेसाठी वीस हजार घालू नका. त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत बाहेरची एक टीबीची एसएसडी येते. प्रोजेक्ट आणि कॉलेजचे व्हिडिओ तिच्यावर.

फक्त एक आधी विचारून घ्या. तिच्या कॉलेजात एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं आहे का? संगणक शाखेला सहसा अडत नाही. मेकॅनिकल-सिव्हिल असती तर मी विंडोजच सांगितला असता. विंडोजचा घेतलात तर पट्टी बदलता येणारा बघा. खरेदीच्या आधी दुकानदाराला सरळ विचारा: "मेमरीचा स्लॉट रिकामा आहे का?"

नाशिकची_आई

खूप आभार दादा. कॉलेजात विचारून सांगते.

राईनकाठ

ताईंना सल्ला बरोबरच आहे. पण ताळेबंद, तुमचं गणित ऐकून एक विचारावंसं वाटतं. ज्याला जास्त गरज आहे त्याच्याकडून जास्त घ्या, हे समजू शकते. पण गरज असलेला माणूस म्हणजे श्रीमंत माणूस, असं कुठे असतं? धागाकर्ते गोंधळ्यांची गाणी जपतायत. त्यांच्यामागे कुठली कंपनी नाही. वाढीव मेमरी हा चैनीचा कर समजला जातो आणि भरतो तो कारागीर.

इकडे युरोपात काही गोष्टी कायद्याने हलतायत. फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम येतोय. एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपलाही चार्जिंगला यूएसबी-सी सक्तीचं. मेमरीबद्दल मात्र अजून काहीच नाही. भारतात ग्राहक व्यवहार खात्याचं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल २०२२ च्या डिसेंबरपासून आहे. त्याचा उपयोग होतो का?

ग्रँटरोडवाला

पोर्टलवर कंपन्यांचे सर्व्हिस सेंटरचे पत्ते आणि माहिती आहे. आम्हाला हवे असतात सुटे भाग आणि बोर्डाचे नकाशे. अमेरिकेत अ‍ॅपल २०२२ पासून लोकांना घरी दुरुस्तीसाठी सुटे भाग विकतं. भारतात ती सोय नाही. आम्ही मेलेल्या बोर्डांवरून भाग काढून दुसरे जगवतो. माझ्याकडे एक कपाट भरून तसे बोर्ड आहेत. प्रत्येकावर चिठ्ठी, कुठली चिप चांगली आणि कुठली गेली.

पण एक गोष्ट इथे कुणी काढली नाही म्हणून काढतो. बाजारात सध्या मेमरीचं काय चाललंय बघितलंत का? सप्टेंबरपासून डीडीआर५ च्या पट्ट्या दुपटी-तिपटीवर गेल्यात. सकाळचा भाव संध्याकाळी नसतो. गिऱ्हाइकाला कोटेशन लिहून द्यायला होलसेलवाला तयार होत नाही. गेल्या आठवड्यात मायक्रॉनने क्रुशल हा ब्रँडच बंद करतोय असं जाहीर केलं. लॅमिंग्टन रोडवर पट्टी म्हटलं की पहिलं नाव क्रुशलचं होतं. मला खरंच वाईट वाटलं.

अर्धवाहक

हो, आणि त्याचं कारण समजून घ्यायला हवं. जगात डीरॅम (संगणकाची मेमरी ज्या चिपांची असते त्या) बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरना एचबीएम नावाची थरावर थर रचलेली मेमरी लागते. तितक्याच क्षमतेची एचबीएम बनवायला साध्या मेमरीपेक्षा कितीतरी जास्त वेफर (चिप ज्यांवर घडतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) खर्च होतात, आणि नफा भरपूर. कारखान्यांनी वेफर तिकडे वळवले. ऑक्टोबरमध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि हायनिक्सशी करार जाहीर केले, महिन्याला नऊ लाख वेफरपर्यंतची भाषा आहे. नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. त्यामुळे ही टंचाई लवकर ओसरेल असं दिसत नाही.

यातून आपल्या वादाला वेगळंच वळण लागतं. अ‍ॅपल मोठे, लांब मुदतीचे करार करून माल घेतं. आजपर्यंत त्यांनी पायरीचा भाव वाढवलेला नाही. बाकीचे लॅपटॉपवाले भाव वाढवायला लागलेत, फ्रेमवर्कनेही सुट्या मेमरीचा भाव वाढवला. कालपर्यंत जो दर अवाजवी वाटत होता, त्याच्या जवळ आता खुला बाजार येऊन पोचतोय.

ताळेबंद

म्हणजे धागाकर्त्यांनी उशीर करू नये. २०२६ मध्ये हा भाव टिकेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

ध्वनिवेडा (धागाकर्ता)

अर्धवाहक, ग्रँटरोडवाला, हा कोन मला नवा नव्हता पण इतका स्पष्ट कुणी मांडला नव्हता. तरीही माझा मूळ मुद्दा यामुळे जास्तच पक्का होतो. सविस्तर लिहितो.

अ‍ॅपलच्या भवितव्याबद्दल सध्या जे बोललं जातं ते सगळं सिरीभोवती. मार्चमध्ये त्यांनी नवी सिरी पुढे ढकलली. या महिन्याच्या एक तारखेला एआयचे प्रमुख जॉन जियानँड्रिया पायउतार होत असल्याचं जाहीर झालं आणि अमर सुब्रमण्य यांच्याकडे एआयची जबाबदारी आली. दोन दिवसांनी डिझाइनचे प्रमुख अ‍ॅलन डाय मेटाकडे निघाले. टिम कुक पासष्ट वर्षांचे झाले, २०११ पासून तेच प्रमुख आहेत, आणि हार्डवेअरचे जॉन टर्नस पुढे येतील असं वृत्तपत्रं लिहितायत. हे सगळं वाचून लोक म्हणतात, अ‍ॅपल एआयमध्ये मागे पडलं.

मला ते अर्धंच खरं वाटतं. चॅटच्या शर्यतीत मागे आहेत, मान्य. पण एका गोष्टीत ते सगळ्यांच्या पुढे आहेत आणि ती त्यांनी २०२० मध्येच करून ठेवली: एकत्रित मेमरी. चारशे वॅटच्या ग्राफिक्स कार्डाशिवाय, पाठीवरच्या पिशवीत मावणाऱ्या यंत्रावर मॉडेल चालवायचं असेल तर आज मॅकला तोड नाही. एम५ च्या ग्राफिक्स कोअरमध्ये त्यासाठी खास भागही घातलेत. म्हणजे एआयच्या काळात अ‍ॅपलकडे विकण्यासारखी सगळ्यात मोलाची वस्तू मेमरी आहे. आठशे कोटी पॅरामीटरचं (मॉडेलच्या आतले आकडे, जितके जास्त तितकं मॉडेल मोठं) मॉडेल चार बिटांत आणलं, म्हणजे प्रत्येक आकडा आखूड करून साठवला, तर पाच जीबीत बसतं. तीन हजार कोटींचं घ्यायचं तर सतरा-अठरा जीबी लागतात, म्हणजे १६ च्या यंत्रावर ते चालतच नाही. मराठीसाठी हा फरक फार मोठा पडतो. इंग्रजीला छोटं मॉडेल पुरतं. आपल्या भाषेत छोटं मॉडेल व्याकरण सोडतं आणि बोलीत तर पार गोंधळतं. व्हिस्परचं मोठं मॉडेलही 'संबळ' हा शब्द मला नीट लिहून देत नाही. सुधारायचं तर मोठी मॉडेलं, आपला स्वतःचा विदा आणि पुन्हापुन्हा चाचण्या. ते काम करणारे लोक कोण? कॉलेजातली मुलं, माझ्यासारखे छोटे स्टुडिओवाले, भाषेचे अभ्यासक. नेमक्या याच लोकांसाठी दार वीस-वीस हजारांच्या पायऱ्यांवर ठेवलंय.

२०२० ते २०२२ मध्ये लोक एम१ कडे वळले कारण पहिल्या पायरीवरच भरभरून दिलं होतं. उद्या ३२ जीबी ही पहिली पायरी झाली, तर मॅकवर काय उभं राहील याची मला कल्पना करता येते. ताळेबंद म्हणतात तसा मॅक आठ टक्के आहे. पण आयफोनसाठीचं प्रत्येक अ‍ॅप मॅकवर बनतं. बनवणाऱ्याला मेमरी महाग विकणं ही काटकसर कंपनीला परवडणारी नाही.

ताळेबंद

मनापासून लिहिलंय, आणि शेवटचं वाक्य बरोबर आहे. तरी कंपनीच्या जागी बसून बघा. आज जगात मेमरीची ओढाताण आहे. अशा वेळी पहिल्या पायरीला ३२ द्यायचं म्हणजे कोट्यवधी आयफोनना लागणारा माल तिकडून काढायचा. ते करणार नाहीत. पुढची दोन वर्षं १६ हीच पहिली पायरी राहील असं मला वाटतं.

जुनाजाणता

माझा एम१ आणखी दोन वर्षं चालवणार हे आता नक्की.

इंटेलचे जुने मॅक वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: टाहो ही मॅकओएसची इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे, तीही मोजक्याच मॉडेलांवर. जुना मॅक विकायचा विचार असेल तर वेळ घालवू नका.

राईनकाठ

ध्वनिवेडा, एक मधला मार्ग सुचवते. मॉडेल चालवायचं काम स्टुडिओत आहे, गावात नाही. गावात लागतं ते फक्त ध्वनिमुद्रण. दोन्हीसाठी एकच महाग लॅपटॉप कशाला? मेमरी एका ठिकाणी घ्या जिथे ती पायरी त्यातल्या त्यात परवडते.

ग्रँटरोडवाला

अगदी हेच लिहायला आलो होतो. मॅक मिनी एम४, ३२ जीबी, २५६ जागा: ५९,९०० अधिक चाळीस, म्हणजे ९९,९००. एअरच्या किमतीत दुप्पट मेमरी. जागेचे पैसे द्यायचेच नाहीत, कारण मिनीत कार्ड बदलता येतं. वॉरंटी संपू द्या, मग बघू. गावासाठी तुमचा २०१२ चा आहे की. ध्वनिमुद्रणाला तो अजून पाच वर्षं जाईल. बॅटरी फुगली असेल तर माझ्याकडे घेऊन या. त्याची बॅटरी स्क्रूने बसवलेली आहे, चिकटवलेली नाही.

एक सांगून ठेवतो: मिनी एम४ आणि मिनी एम४ प्रो, दोघांची कार्डं वेगळ्या मापाची असतात. ऑनलाइन घेताना लोक गडबड करतात.

ध्वनिवेडा (धागाकर्ता)

राईनकाठ, ग्रँटरोडवाला, हे पटलं. लॅपटॉपचा विचार सोडतो आणि ३२ चा मिनी मागवतो. चाळीस हजार मेमरीला देताना मनाला लागतंय, ते लागू दे. निदान जागेचे वीस हजार वाचले.

अर्धवाहक, शेवटचं विचारतो. रीपरची (ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर) सगळी सेशन्स बाहेरच्या एसएसडीवर ठेवली तर एकाच वेळी तीस-चाळीस ट्रॅक वाजवताना अडखळेल का?

अर्धवाहक

अडखळणार नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला जेमतेम १४४ केबी मागतो. चाळीस ट्रॅक म्हणजे सहा एमबीही नाहीत. साधी यूएसबी-सीची एसएसडी याच्या शंभरपट देते. मिनीच्या मागची तीन पोर्ट थंडरबोल्ट ४ आहेत, डिस्क तिथे लावा. पुढची दोन यूएसबी-सी ऑडिओ इंटरफेसला ठेवा. डिस्क एपीएफएस या मॅकच्या पद्धतीत फॉरमॅट करा. विंडोजवरही चालणारी एक्सफॅट ठेवलीत आणि मध्येच वायर निघाली तर फायली खराब होण्याची भीती असते.

मॉडेलच्या फायली मात्र आतल्या डिस्कवर ठेवा, मेमरीत चढायला वेळ कमी लागेल. आणि बॅकअपसाठी दुसरी डिस्क वेगळी घ्या, सेशन्सच्याच डिस्कवर टाइम मशीन (मॅकची बॅकअपची सोय) लावू नका.

ग्रँटरोडवाला

ती दुसरी डिस्क स्टुडिओत ठेवू नका, घरी ठेवा.